‘रोज किती तास अभ्यास केलास?’ हा एकच प्रश्न पुरेसा नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लोकसेवा आयोगाचा निकाल लागला किंवा पोलीस भरतीची अंतिम यादी जाहीर झाली की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत यशस्वी उमेदवारांच्या मुलाखती प्रसिद्ध होतात. त्या व्हाव्यात, कारण माण-खटावच्या एखाद्या वाडीवरील किंवा जत-आटपाडीकडील मुलीचे छायाचित्र पेपरात आले की तिच्या मागून येणाऱ्या कितीतरी मुलींना घरून परवानगी मिळणे सोपे जाते. माझी हरकत या मुलाखतींत हमखास विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाला आहे. ‘रोज किती तास अभ्यास केलास?’ असे विचारले जाते, उत्तर बारा किंवा चौदा तास असे येते, तोच आकडा मथळ्यात जातो आणि आमच्या भागातील अभ्यासिकांत बसलेली मुले त्याच आकड्याने स्वतःला मोजू लागतात.

मी निवृत्त माध्यमिक शिक्षक असून संध्याकाळी एका अभ्यासिकेत मुलांच्या शंका सोडवण्यासाठी जातो. मथळा वाचून आलेला मुलगा तीन-चार दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत खुर्ची सोडत नाही, पाचव्या दिवशी दुपारी येतो, पुढच्या आठवड्यात येतच नाही, आणि भेटल्यावर मान खाली घालून म्हणतो, “सर, माझ्यात जिद्दच नाही.” हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकले आहे की त्याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या मुलाने घरच्या शेतात काम करून, एसटीच्या दोन गाड्या बदलून पदवी घेतली, त्याच्यात जिद्द नाही हे मला मान्य नाही. त्याच्या दिवसाला ठरलेली वेळ नाही आणि हे सारे कशासाठी चालले आहे, हे त्याला कोणी कधी विचारलेले नाही, हे खरे दुखणे आहे.

सवय कशी लागते, याचा पुरेसा अभ्यास झालेला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने दुपारच्या जेवणाबरोबर फळ खाणे किंवा रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटे धावणे अशी एखादी साधी कृती निवडायची, ती दिवसातल्या एका ठरलेल्या प्रसंगाला जोडायची आणि ८४ दिवस करत राहायची, असे त्याचे स्वरूप होते. ती कृती आपोआप, मनाला न ढकलता होऊ लागण्यास कोणाला १८ दिवस लागले, तर कोणाच्या बाबतीत हा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला; मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली आणि व्यायामाला बराच अधिक काळ लागला. या प्रयोगातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे, तो असा की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

आपल्याकडे मात्र ‘२१ दिवसांत सवय लावा’ असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधील लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर आपल्या बदललेल्या चेहऱ्याला सरावण्यास रुग्णांना किमान तीन आठवडे लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द गळाला, रुग्णही गळाले आणि उरलेला आकडा पहाटे उठण्यापासून इंग्रजी सुधारण्यापर्यंत सगळ्याला लावला गेला. याने होणारे नुकसान मी पाहतो. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणे पहिल्या दिवसाइतकेच जड जाते, तेव्हा मुलाला वाटते की इतरांना जमले ते आपल्याला जमले नाही, आणि नेमक्या ज्या टप्प्यावर टिकून राहायला हवे तिथे तो सोडून देतो. गावची यात्रा आली, बहिणीचे लग्न निघाले, घरात आजारपण झाले की चार दिवस मोडणारच. त्यानंतर पाचव्या दिवशी त्याच खुर्चीवर, त्याच वेळी परत बसायचे असते, हे त्याला कोणीतरी स्वच्छ शब्दांत सांगितले पाहिजे.

सवयीला धरून ठेवण्यासाठी खुंटी लागते, म्हणजे दिवसातली अशी एक घटना जी कोणत्याही परिस्थितीत घडतेच. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले की ‘मी अधिक अभ्यास करीन’ अशा नुसत्या संकल्पापेक्षा ‘अमुक घडले की मी अमुक ठिकाणी बसून अमुक करीन’ असे आधी ठरवून ठेवणाऱ्यांच्या हातून ते काम अधिक वेळा पार पडते. आमच्या मुलांच्या दिवसात अशा घटना भरपूर आहेत. ‘डेअरीला दूध घालून आलो की हातपाय धुऊन ओसरीवर बसून गणिताची दहा उदाहरणे’ ही योजना ‘रोज चौदा तास’ या घोषणेपेक्षा कितीतरी भक्कम आहे, कारण दूध घालायला रोज जावेच लागते. सुरुवात इतकी लहान ठेवावी की वाईट दिवशीही ती टाळायला कारण सापडू नये. वेळ पुढे आपसूक वाढते; आधी बसणे ठरले पाहिजे. मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवावा, यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सैन्य आणि पोलीस यांची ओढ आमच्या सातारा जिल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते ते घराघरांतून सैन्यात गेलेल्या माणसांमुळे. राज्य पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते आणि मुलांसाठी त्यात १६०० मीटर धावण्याला २०, तर १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण असतात. जाहिरात निघाली की पहाटेच्या अंधारात यवतेश्वरचा घाट आणि गावोगावची मैदाने मुलामुलींनी भरून जातात. भरती पुढे गेली की महिन्याभरात तीच मैदाने ओस पडतात. पुढची जाहिरात येईपर्यंत दम गेलेला असतो; मग घाईने अंतर वाढवले जाते, नडग्या भरून येतात आणि ऐन चाचणीच्या वेळी मुलगा लंगडत असतो. जाहिरात कधी येईल, जागा किती असतील, हे त्याच्या हातात नसते. पण धावण्याची वेळ त्याच्या हातात असते आणि ती जाहिरातीच्या तारखेला बांधल्यामुळे तीही हातून जाते.

इथे हेतूचा प्रश्न येतो. ‘काय व्हायचे आहे?’ असे विचारले की मुले पदाचे नाव सांगतात. पद हे ध्येय असू शकते, परंतु त्यामागे हेतू नसेल तर पद हुकल्यावर हातात काहीच उरत नाही, आणि खुल्या प्रवर्गासाठी राज्यसेवेची वयोमर्यादा ३८ वर्षांची असल्याने काहीच न उरण्याचा हा काळ फार लांबू शकतो. म्हणून मी मुलांना वेगळे विचारतो. हे पद मिळाले तर पहिल्या वर्षी कोणाचे कोणते काम करशील? आणि पद मिळालेच नाही, तर त्यातले कोणते काम तरीही करता येईल? पहिल्यांदा बहुतेकांना उत्तर देता येत नाही. काही दिवसांनी एखादी मुलगी येऊन सांगते की तिच्या वस्तीवर आजही टँकर येतो आणि तिला पाण्याचेच काम करायचे आहे, मग ते अधिकारी म्हणून असो, अभियंता म्हणून असो वा ग्रामपंचायतीची सदस्य म्हणून. अशा मुलीच्या अभ्यासाला एक स्थैर्य येते, असा माझा अनुभव आहे.

हेतू समोर स्पष्ट असला की नेम कसा पाळला जातो, हे कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने दाखवून दिले आहे. गावोगावच्या जलसंधारणाच्या कामांसाठी घेतल्या गेलेल्या २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत हे गाव पहिले आले. ४५ दिवसांच्या त्या काळात माणसे उन्हाळ्यात श्रमदानाला येत राहिली. सवय कशी लावावी याचे व्याख्यान त्यांना कोणी दिले नव्हते. गावाचा पाण्याविना गेलेला उन्हाळा त्यांच्या समोर होता, आणि शेजारचा माणूस कुदळ घेऊन निघालेला दिसत होता. सोबतीचे हे बळ अभ्यासिकेतही मिळते, म्हणून एकट्याने खोलीत कोंडून घेण्यापेक्षा चौघांनी मिळून वेळ ठरवणे मी चांगले समजतो.

या मातीतले सर्वांत मोठे उदाहरण अर्थातच कर्मवीर भाऊराव पाटलांचे. १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात छत्रपती शाहू बोर्डिंग सुरू झाले. निरनिराळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वयंपाकापासून शेतीपर्यंतची कामे स्वतः करत आणि शिकत. वसतिगृहातील मुलांच्या धान्यासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. त्या बोर्डिंगचा दिनक्रम मात्र आपण क्वचितच आठवतो. कष्ट आणि अभ्यास एकाच दिवसात बसवायचे तर प्रत्येक कामाला ठरलेली वेळ लागतेच, आणि आपण शिकलो तर आपल्यामागे आपल्या घरातले, आपल्या वाडीतले दुसरे मूल शिकणार आहे, याची जाणीव त्या मुलांना होती. नेम आणि हेतू यांची अशी सांगड घातली गेल्यामुळेच ‘कमवा आणि शिका’ ही योजना टिकली, असे मला वाटते.

कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यांच्या प्रवासाचा खर्च कसा उभा राहिला, हे आपण हळहळून सांगतो आणि ते सांगायलाच हवे. परंतु लंडन ते हेलसिंकी यांमधल्या चार वर्षांतील रोजच्या सरावाबद्दल आपण फार कमी बोलतो. तेच ललिता बाबर यांच्याबाबत. माण तालुक्यातील मोही गावच्या या धावपटूने मुंबई मॅरेथॉन गाजवली, नंतर ३००० मीटर स्टीपलचेस हा वेगळाच प्रकार निवडला आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. पुढे त्या राज्याच्या प्रशासकीय सेवेतही दाखल झाल्या. ध्येय बदलले तरी रोजच्या सरावाची सवय नव्या ध्येयाच्या कामी येते, हे पालकांनी त्यांच्याकडे पाहून समजून घ्यावे. एका परीक्षेत अपयश आले म्हणून ती वर्षे वाया गेली, असे मुलाला ऐकवणारे पालक ही सवय मोजतच नाहीत.

एक गोष्ट मला विशेष कळकळीने सांगायची आहे. मुलींच्या बाबतीत ‘सवय लागत नाही’ याचे कारण अनेकदा त्यांच्यात नसून घरात असते. मुलाने पुस्तक उघडले की घरातला आवाज कमी होतो. मुलीने उघडले की तिला चहा टाकायला उठवले जाते. ठरलेली वेळ ही सवयीची पहिली अट आहे आणि आमच्या अनेक मुलींना दिवसातली एक वेळही स्वतःची म्हणून मिळत नाही. अभ्यासिकेत येणाऱ्या मुली शेवटच्या एसटीसाठी संध्याकाळी लवकर निघून जातात आणि घरी पोचताच स्वयंपाकाला लागतात. अशा मुलीला शिस्तीचे धडे देण्यापेक्षा तिच्या आई-वडिलांनी आणि भावाने रोजचा एक तास तिच्या नावाने सोडून द्यावा. ग्रामपंचायतींनीही गावातील वाचनालय सकाळी ठरलेल्या वेळेला न चुकता उघडेल एवढे पाहिले, तर गावातच बसण्याची सोय होईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, किल्ली वेळेवर आणणारा माणूस लागतो.

म्हणून आपणांस विनंती अशी की पुढील निकालानंतर आपल्या प्रतिनिधींनी तासांचा आकडा विचारू नये, आणि विचारलाच तर मथळ्यात घेऊ नये. त्याऐवजी, तू कोणत्या वेळी आणि कुठे बसत होतीस, नेम मोडला तेव्हा परत कशी बसलीस, तुला ती वेळ मिळावी म्हणून घरातल्या कोणी कोणते काम अंगावर घेतले, आणि निवड झाली नसती तर आज काय करत असतीस, हे विचारावे. त्याचबरोबर निवड न झालेल्या, परंतु तयारीच्या वर्षांत लागलेला नेम घेऊन शेती, शिकवणी किंवा लहानसा उद्योग उभा करणाऱ्या सातारा-सांगलीतील तरुण-तरुणींच्या मुलाखतीही वर्षभर छापाव्यात. अशी मुले-मुली शोधण्यासाठी आपल्या प्रतिनिधींना आमच्या अभ्यासिकेची मदत लागल्यास ती आम्ही आनंदाने करू; संध्याकाळी सहानंतर मी तिथे असतो.

आपला विश्वासू,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक,
सातारा