क्ष म्हणजे नेमके काय? आमच्या बाईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

शाल-श्रीफळ घेणार नाही आणि मानधनाचा विषयही काढू नका, असे आपण पहिल्याच दिवशी बजावले होते. त्यामुळे आमच्या स्वयंसाहाय्य गटाच्या वतीने आपले आभार मानायला हे जाहीर पत्रच तेवढे उरले. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावी देवळाच्या अग्रशाळेत दुपारच्या वेळी बसून आपण आम्हा बायकांना बीजगणित शिकवलेत, हे ऐकून अजूनही काहीजण हसतात. भिरंडांचे (म्हणजे कोकमांचे) आगळ, म्हणजे खारवलेला रस, विकणाऱ्यांना समीकरणे कशाला हवीत, असा त्यांचा प्रश्न असतो. त्याचे उत्तर आमच्या हिशेबाच्या वहीत आहे आणि ते इतर गटांनाही उपयोगी पडेल, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आगळाची मोठी बाटली दुकानात ठेवायची, दुकानदार छापील किमतीच्या 25 टक्के घेणार आणि आमच्या हाती 180 रुपये यायला हवेत, तर लेबलावर किंमत किती छापावी, हे आपण घातलेले पहिले शाब्दिक उदाहरण. 180 चे 25 टक्के म्हणजे 45, ते मिळवून 225, हे उत्तर बाजारात कोणालाही विचारले तरी सहज मिळते. आपण ते खोडले नाहीत. फक्त 225 चा चौथा हिस्सा काढायला सांगितलात. तो 56 रुपये 25 पैसे होतो आणि आमच्या हाती उरतात 168 रुपये 75 पैसे. मग आपण फळ्यावर एकही अक्षर न घालता शब्दांतच समीकरण लिहिलेत: छापील किंमत, वजा दुकानदाराचा वाटा, बरोबर आपल्या हाती येणारे पैसे. त्यानंतर छापील किमतीला क्ष मानले, तेव्हा दुकानदाराचा वाटा क्षचा चौथा हिस्सा झाला, उरलेले तीन हिस्से म्हणजे 180, म्हणून एक हिस्सा 60 आणि क्ष 240. टक्के कशाचे, हा प्रश्न त्या शब्दांच्या ओळीतच सुटला होता. पुढची आकडेमोड आमच्यापैकी कोणालाही जमली असती.

आपल्या शिकवण्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच. आम्ही ‘क्ष म्हणजे बाटल्या’ असे लिहिले की आपण पुढे जाऊच देत नसा. बाटल्यांची संख्या, बाटलीची किंमत, की विक्रीतून आलेली रक्कम, हे एककासह पूर्ण वाक्यात लिहिल्याशिवाय दुसरी ओळ लिहायची नाही, हा आपला दंडक सुरुवातीला जाचक वाटे. (आमच्यापैकी ज्या हायस्कूलपर्यंत शिकल्या, त्यांना समीकरणे इंग्रजीतून पाठ होती आणि म्हणूनच बहुधा त्यांना तो अधिक जाचला.) आज मात्र मला वाटते की शाब्दिक उदाहरणाचे अर्धे काम त्या ‘मानू’च्या ओळीतच होते.

म्हार्दोळच्या जत्रेनंतरचा हिशेब तर आपल्यासमोरच झाला. लहान बाटली 130 रुपयांना, मोठी 240 ला, मिळून 40 बाटल्या गेलेल्या आणि गल्ल्यात 6,800 रुपये; मोठ्या किती विकल्या गेल्या, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या आमच्या काकींनी बसल्या जागी हिशेब सुरू केला: सगळ्या लहानच गेल्या असत्या तर 5,200 झाले असते, जास्त आले 1,600, आणि प्रत्येक मोठ्या बाटलीमागे 110 जास्त येतात. आपण त्यांचे एकेक वाक्य फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून घेतलेत आणि उजव्या बाजूला, मोठ्या बाटल्यांची संख्या क्ष मानून, 240 गुणिले क्ष अधिक 130 गुणिले (40 वजा क्ष) बरोबर 6,800 हे समीकरण मांडून ते पायरीपायरीने सोडवलेत. 5,200 समोर 5,200 आले, 1,600 समोर 1,600, 110 समोर 110. काकी ज्या वाटेने जात होत्या तीच बीजगणिताची वाट आहे, हे सांगण्यासाठी आपण एक शब्दही खर्च केला नाहीत.

पण 1,600 ला 110 ने पूर्ण भाग जात नाही आणि साडेचौदा बाटल्या कोणी विकत नाही. येथे आपण दाखवलेत की मोठ्या 15 गेल्या असतील तर 6,850 यायला हवे होते, म्हणजे 50 कमी आहेत, आणि 14 गेल्या असतील तर 6,740, म्हणजे 60 जास्त आहेत. या दोहोंतले खरे कोणते, हे समीकरण सांगू शकत नाही, त्यासाठी खोकी उघडावी लागतील. उरलेल्या मोठ्या बाटल्या मोजल्या तेव्हा 15 गेल्याचे कळले आणि टेम्पोवाल्याला दिलेले 50 रुपयेही मग आठवले.

दोन अज्ञात राशींची उदाहरणे आली तेव्हा आपण भास्कराचार्यांचा विषय काढलात. 1150 च्या सुमारास लिहिणारे ते गणिती पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि पुढच्या राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देऊन त्यांची पहिली अक्षरे लिहीत, हे ऐकल्यापासून आमच्या वहीत क्ष आणि य मागे पडले आहेत. मोठ्या बाटलीचे टोपण निळे, लहानचे पिवळे. म्हणून ‘नी’ आणि ‘पी’. मुले ती वही पाहून हसतात, पण मोठी कोणती आणि लहान कोणती याचा गोंधळ उरलेला नाही.

शेवटी एक बातमी. दुकानदार आता 20 टक्क्यांवर तयार झाला आहे. छापील किमतीतून पाचवा हिस्सा गेला की उरलेले चार हिस्से म्हणजे 180, एक हिस्सा 45, म्हणून किंमत 225. त्या दिवशी चुकलेले उत्तर या अटीला तंतोतंत लागू पडले आहे. 225 चा पाचवा हिस्सा 45, तो वजा जाता 180, असा ताळा उदाहरणातल्या मूळ शब्दांवरून घेऊनच लेबले छापायला दिली आहेत. भिरंडांचा हंगाम सुरू झाला की नव्या लेबलाची पहिली बाटली घेऊन येऊ. ती शाल-श्रीफळात मोडत नाही, असे काकींचे म्हणणे आहे.

आपल्या कृतज्ञ विद्यार्थिनींच्या वतीने,
गटाची हिशेबनीस