माकडटोपीवाल्याचा फोटो

काका, नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही. तरी मराठीतच लिहितेय, कारण भरून आलं की मला इंग्रजी सुचत नाही. मुलगा तुम्हाला वाचून दाखवील.

बाकीच्यांना आधी थोडं सांगायला हवं. ट्रेंटन ही न्यू जर्सीची राजधानी. 1999 साली तिथे नवं अरीना झालं आणि ट्रेंटन टायटन्स हा आईस हॉकीचा संघ आला. लीग ईसीएचएल, म्हणजे एनएचएल या आईस हॉकीच्या सगळ्यात वरच्या लीगच्या दोन पायऱ्या खाली. आमचे हे पक्के क्रिकेटवाले. ‘रणजी बघणाऱ्यालाच खेळ कळतो’ म्हणत मुलाला घेऊन तिथे जायचे. बर्फाचा गारठा सोसायचा नाही, म्हणून भर अरीनात माकडटोपी! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

2004-05 ला मालक आणि खेळाडूंचं पगारावरून फिसकटलं, एनएचएलचा अख्खा मोसम बुडाला, स्टॅन्ली कप कुणालाच मिळाला नाही. त्याच मोसमात माइक हॅविलंड प्रशिक्षक असताना टायटन्सनी फ्लोरिडा एव्हरब्लेड्सना हरवून ईसीएचएलचा करंडक, ‘केली कप’, आणला. तो एकच. आमच्या घरी त्या रात्री दोघांचे आवाज बसले होते. पुढे 2007 ला संघाचं नाव ट्रेंटन डेव्हिल्स झालं, 2011 ला पुन्हा टायटन्स, आणि 2013 ला कारभारच आटोपला.

हे गेल्या वर्षी गेले. मुलाला बाबांचा तिथला एक फोटो हवा होता. आमचे सगळे जुन्या कॉम्प्युटरबरोबर गेलेले. किती ठिकाणी विचारलं! एकाने ‘संघच नाही तर फोटो कुठले’ म्हणून ऐकवलं, दुसऱ्याने दर वेळी नवा नंबर दिला. एक जण तर हसला. खालच्या लीगचा, बंद पडलेला संघ, त्यासाठी एवढं काय, असं.

मग किराणा घेताना तुमच्या अंगावर टायटन्सची विटलेली जर्सी दिसली आणि माझा सत्तावीस वर्षांचा घोडा लहान पोरासारखा तुमच्याकडे धावला. त्याने बाबांचं नाव सांगितलं, तुम्हाला काही बोध होईना. टोपीचं सांगितलं मात्र, आणि तुम्ही दोन्ही हात स्वतःच्या कानांवर दाबून दाखवलेत. ‘तो?’

तुमच्या घरी बिस्किटांच्या डब्यांत मोसमवार फोटो. सगळे तुम्हीच काढलेले. त्यातला हा: पुढे काचेवर आदळलेले दोन खेळाडू, मागे तिसऱ्या रांगेत माकडटोपीतून नुसतं उघडं तोंड, ओरडणारं, आणि शेजारी बुटांसकट खुर्चीवर उभा असलेला माझा मुलगा. मी असते तर धपाटा घातला असता.

टेबलावर त्याची झेरॉक्स होती. मला वाटलं, तीच आमची. एवढ्यावरही मी खूश होते. पण तुम्ही मूळ फोटो पाकिटात घातलात, आणि झेरॉक्स बरोब्बर त्याच जागी डब्यात सरकवलीत. जपून, बोटाने कड सारखी करत. मी नको नको म्हणत राहिले. तुम्ही नुसतं झाकण लावलंत.

त्या झाकणाचा आवाज अजून कानात आहे, काका. वीस वर्षं जपलेल्या ओळीत स्वतःच्या हाताने खोट पाडून घ्यायची, तीही नाव माहीत नसलेल्या माणसासाठी. आपल्याकडे अशा माणसाला देवमाणूस म्हणतात. तुम्हाला ते अवघडल्यासारखं होईल, पण दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. जेवायला यायचंच. वडे आणि खीर करणार आहे, तिखट बेताचं ठेवीन. टोपी अजून कपाटात आहे. डांबराच्या गोळ्यांचा वास मारतो तिला, पण तुम्हाला दाखवायची आहे.