पंगत यंदाही होणार, फक्त आपल्या चुलीवर नाही

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर हा विषय काढला की आई "बघू गं, अजून वेळ आहे" म्हणते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून पत्र. बाबांनी मोठ्याने वाचावं. आईने मध्ये बोलू नये.

माउलींची पालखी सासवडात मुक्कामाला असताना आपण वारकऱ्यांना घालतो ती द्वादशीची पंगत यंदा होणार. आपल्याच ओटीसमोर, तीच दिंडी, तीच माणसं. फक्त स्वयंपाक आपल्या घरी होणार नाही. हे ठरलंय. दादाला कळवलंय, दिंडीच्या महाराजांनाही फोन करून झालाय. त्यांनी पंगतीबद्दल एक शब्द विचारला नाही. "माईंचे गुडघे कसे आहेत?" एवढंच विचारत राहिले.

आई, तुला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू "बरं बरं" म्हणाली असतीस आणि पहाटे तीनला उठून मसाला भाजायला बसली असतीस. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्षही झालेलं नाही. खाली बसायचं नाही हे डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय, आणि दीडशे पानांची आमटी उभ्याने, टेबलावर होत नाही. शिवाय मागच्या वर्षी चुलीपाशी काय झालं ते मी आणि समोरच्या वहिनींनी पाहिलंय. (बाबा, काही नाही. नंतर सांगते.)

आता बेत ऐका. आमटी आणि भात आचारी करणार, शाळेच्या पटांगणात. आचारी कोण ते तुम्हाला माहीत आहे, आत्याच्या लग्नातले. भाकऱ्या आळीतून येणार, घरटी वीस-बावीस. वहिनी दारोदार जाऊन आल्या, एकाही घराने नाही म्हटलं नाही. उलट कोपऱ्यावरच्या काकूंनी तीस सांगितल्या, म्हणजे आता बाकीच्यांनाही तीस कराव्या लागणार! नव्या बिल्डिंगमध्ये जेजुरी एमआयडीसीत कामाला जाणारी जी पोरं राहतात, त्यांच्याबद्दल तू फार बरं बोलत नाहीस, पण ती स्वतःहून विचारायला आली. भाकरी थापता येत नाही म्हणाली, तर पाण्याचे जार, पत्रावळी आणि वाढपी त्यांच्याकडे. ठेचा मात्र तुझाच. मिक्सरवर, खुर्चीत बसून, आणि मिरच्या दुसऱ्या कोणीतरी भाजायच्या. यावर घासाघीस नाही.

वहिनी जाता जाता एक बोलल्या, ते तुला सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सांगते. "आम्हाला किती वर्षं करायचं होतं गं, पण काकू हात लावू देतील तर ना!" खूप प्रेमाने म्हणाल्या. हातात तुझंच वाटीभर लोणचं होतं.

"दुसऱ्याच्या हातची सेवा ती कसली" असं तुझ्या मनात येणार, मला माहीत आहे. तेवढ्यासाठी 2020 आठव. वारी पायी निघालीच नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. बाबा तर दिवसभर "शेवटी आमची एसटीच कामाला आली" म्हणून सगळ्यांना सांगत सुटले होते, जणू ड्यूटी यांनीच लावली होती. त्या द्वादशीला दारात एक टाळ वाजला नाही, तरी तू आमटी केलीस आणि आळीत प्रत्येक उंबऱ्यावर डबा ठेवून आलीस. दिंडी नसताना तुझी पंगत झाली, ती या आळीच्या जोरावर. तीच माणसं आता भाकऱ्या घेऊन येणार आहेत. त्यांना नको कसं म्हणायचं?

आणि खरं सांगू का, सासवडात आता खाण्याला तोटा नाही. पुण्याहून घाट चढून येईपर्यंत वारकऱ्याच्या पिशवीत केळी, राजगिऱ्याचे लाडू, बिस्किटं मावत नाहीत. निम्मी दुसऱ्या दिवशी गटारात दिसतात. ज्याचा फोटो छान येतो ते सगळे वाटतात. कमी पडतं ते वेगळंच. पुणे ते सासवड हा सगळ्यांत लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट, त्यात एकादशीचा उपास, आणि संध्याकाळी बायकांना पहिल्यांदा हवी असते ती आतून कडी लागणारी मोरी. निर्मल वारीचे फिरते संडास असतात, पण त्या गर्दीत पहाटे चारला रांग किती असते ते विचारा कोणत्याही मावशीला. म्हणून पंगतीच्या डब्यातले पैसे यंदा मी वेगळ्या कामाला लावले. परवा सुतार येईल, त्याला परत पाठवू नका. मागच्या मोरीला आणि संडासाला नवीन दार, आतून कडी, आणि बाहेर दिवा बसेल. संडासात झाकणाची बादली आणि जुन्या वर्तमानपत्राचा गठ्ठा ठेवायचा. कोणाची पाळी आहे का हे कोणी विचारायचं नाही, आई. तू विचारणार नाहीस हे मला ठाऊक आहे, मी आत्याबाईंसाठी लिहिते आहे.

एकादशीला संध्याकाळी उपासाचं फार नको. भगर, दाण्याची आमटी आणि गरम दूध. साबुदाणा अजिबात नको, चालून आलेल्या पोटाला रात्री दहाला तो जड पडतो.

पायांचं काम मात्र तुझं, ते कोणाला देऊ नकोस. पाटावर नाही, खुर्चीवर बसून. समोर दुसरी खुर्ची, त्यावर त्यांचा पाय. बादल्या पोरं आणून देतील. पाणी आधी कोपराने बघायचं. साखरेचा आजार असलेल्या माणसाला पायाला चटका कळत नाही, तो "चालतंय, चालतंय" म्हणतो आणि सकाळी कातडी निघते. फोड आला असेल तर सुई लावायची नाही, कितीही आग्रह केला तरी. स्वच्छ पट्टी बांधून द्यायची आणि वैद्यकीय पथकाकडे धाडायचं. मी लहान असताना तू मला पहिल्यांदा त्या पायांवर पाणी घालायला लावलंस, आणि चिखलाने भरलेल्या टाचा बघून मी नाक मुरडलं. तू काही बोलली नाहीस, नुसते डोळे वटारलेस. मग त्या आजींनीच माझ्या हातावर बुक्क्याचं बोट टेकवलं. बाबांच्या खांद्यावर बसून रथाची बैलजोडी बघताना तो बुक्का मी सगळा बाबांच्या टोपीला पुसला होता. तरी बाबांनी मला उतरवलं नव्हतं.

बाबा, तुमची ड्यूटी ओटीवर. खुर्ची, टेबल, पंखा, शेजारी पाण्याची बाटली. मी मोठा एक्स्टेन्शन बोर्ड पाठवतेय. त्यावर मोबाइल चार्जिंगला लागतील, प्रत्येकाला नावाची आणि दिंडी क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायची, नाहीतर त्या वर्षीसारखं होईल. अर्धं पुणं फक्त घाट चढायला येतं आणि रात्री परतीची गाडी शोधत हिंडतं, त्यांना बस कुठून आणि कधी हे तुमच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. चुकलेली म्हातारी माणसं आली की आधी बसवा, पाणी द्या, मग गाव विचारा. माइकवर पुकारायला पोरं आहेत, तुम्ही ओरडायचं नाही. सकाळची गोळी न्याहारीनंतर, ती "गडबडीत राहिली" हे मी ऐकून घेणार नाही. आणि ट्रॅक्टरवरून पाण्याची पिंपं उतरवायला हात लावलात तर वहिनी मला लगेच फोन करणार आहेत, तसं ठरलंय आमचं.

मला एकादशीला सुटी मिळत नाहीये. खूप प्रयत्न केला. याचं मला किती वाईट वाटतंय ते लिहीत बसले तर आई पत्र सोडून मलाच फोन करील. द्वादशीला पहाटे डोंबिवलीहून निघून बोपदेव घाटाने येईन, दिवे घाट बंदच असेल. पंगत बसायच्या आत पोहोचते. पहिली वाढणी तुझ्या हातची, आई. एक पळी, पहिल्या पानावर, एवढंच. बाकी पोरं वाढतील. तू माजघरात नाही, ओटीवर बाबांच्या शेजारी बसायचं, सगळ्यांना दिसेल असं. तू आत दिसलीस की माणसं जेवत नाहीत, आत डोकावत बसतात.

पालखी हलली की दुसऱ्या दिवशी आळी झाडायची आहे, त्याला मी थांबणार आहे. तुम्ही दोघं तेव्हा झोपायचं.

दादाने पैसे पाठवलेत, ते आचाऱ्याचे. त्यात काटकसर करून त्याला कमी देऊ नका, त्याच्या हाताखालच्या बायकाही पहाटेपासून राबतात.

बाकी सगळं ठीक. बाबांचा नवा चष्मा मिळाला का ते कळवा. जुन्याने हे पत्र वाचलं असेल तर अर्धं वाचायचं राहिलं असणार, वहिनींना पुन्हा वाचायला सांगा.

तुमची,
बबी

ता. क. मोठं तपेलं माळ्यावरून काढू नका. ते आचाऱ्याला नको आहे, मी विचारून घेतलंय.