पंचाला बदली मिळत नाही

सातारा, रविवार रात्र

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तू संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेलीस, तेव्हापासून अंगणातच बसून आहे. समोर बोलायला गेलो की तू "अण्णा, काही होत नाही" म्हणून विषय संपवतेस, म्हणून लिहितोय.

आज फुटबॉलच्या मॅचला आलो ते तुला पंच म्हणून बघायला. पहिल्या हाफमध्ये मैदानाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात तिरकी धावत होतीस. बॉल कुठेही गेला तरी तू पंधरा-वीस पावलांवर. मध्येच उलटं धावणं, आडवं धावणं, थांबून पुन्हा सुसाट. मोठ्या मॅचला पंच 10-11 किलोमीटर धावतो असं तू म्हणाली होतीस. म्हणजे 400 मीटरच्या ट्रॅकचे पंचवीसच्या वर फेरे, तेही एका चालीत नाही. आमची मॅटवरची कुस्ती सहा मिनिटांची. त्यातही छाती भात्यासारखी हलायची.

पाऊण मॅच झाली आणि तू डावा पाय टेकताना कचरायला लागलीस. त्यानंतर ती पेनल्टी दिलीस. निर्णय बरोबर होता का, ते मला कळत नाही. पण तू अजून सेंटर सर्कलजवळच होतीस आणि पोरं तुझ्या अंगावर धावून आली. तू जवळ असतीस तर इतका आवाज झाला नसता. शिट्टी वाजवायची ती डोळ्यांनी बघून, पण डोळ्यांना तिथवर न्यायचं काम पायांचं आहे, ताई. खेळाडू दमला तर कोच त्याला बाहेर काढतो. तुझ्या जागी उतरायला आज मैदानात कुणी नव्हतं.

घरी मोजा काढलास तेव्हा अंगठ्याचं नख काळंनिळं होतं. पोटरीला हात लावला तर दगड. तू आईला "नुसतं आखडलंय" म्हणालीस. अगदी हेच मी माझ्या वस्तादांना म्हणालो होतो. जत्रेच्या फडाला आठ दिवस होते, गुडघा सुजला होता, मी पट्टी बांधून उतरलो. पुन्हा लाल मातीत उतरलो नाही. आणि तरी लहानपणी तुला पहाटे उठवून मीच सांगत आलो की दुखलं तरी थांबायचं नाही. ते मी चुकीचं शिकवलं.

पंचांच्या फिटनेस टेस्टची तुझी धडपड मला समजते. मागच्या महिन्यात मीच घड्याळ धरून उभा होतो. 40 मीटर सहा वेळा, प्रत्येक वेळी 6.4 सेकंदांच्या आत. मग 75 मीटर 17 सेकंदांत धावायचं, 25 मीटर 20 सेकंदांत चालायचं, असं चाळीस वेळा. तिसाव्या फेरीला तुझे ओठ पांढरे पडले, तरी एकदाही उशीर झाला नाही. तेव्हा मला भरून आलं होतं. 2022 च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सच्या पंच स्तेफनी फ्रापार बाईंनी जर्मनी आणि कोस्टारिकाची मॅच चालवली, तो फोटो तुझ्या कपाटावर आहे. तिथवर जायचं तर हीच पोटरी पुरवून वापरायची आहे.

एक कर. मॅचआधी आणि मॅचनंतर वजन कर. आम्ही वजन उतरवायला मुद्दाम घाम काढायचो, म्हणून काटा मला चांगला ओळखीचा. किलोभर उतरलं तर साधारण लिटरभर पाणी गेलं समज. ते मीठ-साखर घालून हळूहळू भरून काढ, एका दमात नको. या उन्हात नुसत्या चहावर मॅचला उतरू नकोस.

बुधवारची मॅच सोड. असोसिएशनला आत्ताच कळव, म्हणजे त्यांना दुसरा पंच बघता येईल. मानधन जाईल, जाऊ दे. उद्या डॉक्टरांना पोटरी दाखव आणि ते काय म्हणाले ते मला सांग, आईला नाही. ती रात्रभर जागेल.

डब्यात नाचणीचे लाडू आहेत. खालच्या थरात खारकाही ठेवल्यात.

तुझे,
अण्णा