वाल्तेल्लिनाच्या ताली

मिलान, रविवार

चि. दादास, अनेक आशीर्वाद.

फोटो टाकले की तू नुसता अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून आज कागद घेऊन बसलोय. काल ताईने आम्हा दोघांना आल्प्सच्या एका खोऱ्यात फिरवून आणलं. वाल्तेल्लिना नाव. तुझ्या आईला वाटलं बर्फात नेतेय, म्हणून तिने दोन स्वेटर अंगावर आणि एक हातात घेतला. दुपारी तिन्ही माझ्या खांद्यावर. बर्फ होता, पण पार वर, शिखरांना. खाली सगळी द्राक्षं, आणि तोडणी ऐन रंगात.

मिलानच्या मोठ्या स्टेशनातून तिरानोची गाडी मिळते, अडीच तासांचा प्रवास. लेक्कोपासून ती कोमो तळ्याच्या काठाने जाते. तू येशील तेव्हा जाताना डाव्या खिडकीशी बस. कोलिकोला तळं संपतं, गाडी पूर्वेला वळते आणि आद्दा नदीचं खोरं लागतं. खोरं पूर्व-पश्चिम आहे, सगळी मेख तिथेच. उत्तरेकडचा डोंगर दिवसभर उन्हाला तोंड करून उभा, तर समोरच्या डोंगरावर सावली आणि जंगल. थंड वारं मागची शिखरं अडवतात. दुपारी तळ्याकडून वारा सुटतो, त्याला ते ब्रेवा म्हणतात, तो घड कोरडे ठेवतो. द्राक्षावरच्या डावणी-भुरी रोगांना तोंड दिलेल्या माणसाला याचं मोल सांगायला नको.

सोंद्रियोला उतरलो आणि मान वर केली, तर अख्खा डोंगर तालींनी, म्हणजे दगडी बांधांनी, बांधलेला. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. सगळ्या ताली सलग धरल्या तर अडीच हजार किलोमीटर भरतात म्हणे, म्हणजे नाशिकहून दिल्लीला जाऊन परत यावं. काही पट्ट्या इतक्या अरुंद की दोन ओळी लावल्या की जागा संपली. ट्रॅक्टर जायचा प्रश्नच नाही. माती खालून पाठीवर वाहून आणून भरलेली, माल खाली आणायचा तोही पूर्वी पाठीवरच्या टोपलीतून. आता काही कंपन्या क्रेट हेलिकॉप्टरने उतरवतात. मी ताईला म्हटलं, भाव काय मिळत असेल यांना, हेलिकॉप्टर परवडतं ते? ती म्हणाली, नाना, आधी बघा, हिशेब नंतर.

ज्या घरी वाईन चाखायची वेळ ठरवली होती तिथली बाई साठीच्या पुढची. खिशात कात्री, नखांत माती. पेले मांडण्याआधी तिने आम्हाला वर नेलं आणि एक ढासळलेली ताल दाखवली. पावसाने पोट फुगून पडली होती. तिचा मुलगा ती परत रचत होता. तू असतास तर तासभर हलला नसतास. पुढे मोठे दगड, प्रत्येकाचा कल आत डोंगराकडे, आणि मागे हातभर जाडीचा बारीक दगडांचा भराव. पाणी त्या भरावातून झिरपून निघून जातं, भिंतीवर दाब येत नाही. सिमेंटने जोडली तर पाणी अडतं आणि एक दिवस सगळंच खाली येतं. मी दगडाला हात लावला. ऑक्टोबर असूनही चांगलाच तापलेला. ही ऊब रात्री वेलीला मिळते, म्हणून एवढ्या उत्तरेला नेबियोलोसारखं उशिरा पिकणारं वाण तयार होतं. इथे त्याला कियाव्हेन्नास्का म्हणतात. ही दगड रचायची विद्या युनेस्कोने 2018 मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली, इटलीबरोबर आणखी सात देशांच्या नावाने.

बाईला मी आपल्या दोन छाटण्या सांगितल्या, एप्रिलची खरड आणि आताची गोडी. तिचा विश्वास बसेना. तिकडे वेल हिवाळाभर झोपतो आणि छाटणी एकदाच. ती म्हणाली, मग तुमचा वेल विश्रांती कधी घेतो? ताईने हे भाषांतर करून सांगितलं तेव्हा तुझी आई चटकन म्हणाली, आमच्याकडे कोणीच घेत नाही. हे मात्र ताईने तिला सांगितलं नाही.

मग सुकवणीची माडी दाखवली. तासगावला बेदाण्याची शेड तू पाहिली आहेसच. इथेही निवडक घड जाळ्यांवर आणि उथळ क्रेटमध्ये पसरून ठेवतात, पण डीपिंग ऑइल नाही, पोटॅश नाही, फक्त उघड्या खिडक्यांतून येणारं वारं. डिसेंबरपर्यंत घड तसेच राहतात, वजन तिसरा हिस्सा तरी घटतं, साखर घट्ट होते, मग रस काढतात. त्या वाईनला स्फोर्झातो म्हणतात. अल्कोहोल किमान 14 टक्के असलंच पाहिजे असा कायदा, आणि बाजारात यायच्या आधी किमान 20 महिने मुरवायची. आपण बेदाणा करून थांबतो, हे अर्ध्या वाटेवरून पुढे जातात. मी प्रत्येक जाळीवर वाकून बघत होतो. एक कुजका मणी सापडला नाही. मजूर रोज येऊन उलटसुलट करून बघतात.

चाखायच्या वेळी माझी पंचाईत. गळ्यात माळ. पेला नाकाशी धरला, वास घेतला आणि खाली ठेवला. सुकलेलं गुलाबाचं फूल आणि ओला दगड असा काहीतरी वास, वाईट नाही. बाईने कारण विचारलं, ताईने सांगितलं, तर ती हसली नाही की आग्रह केला नाही. आपण शिराझ हे वाईनचं द्राक्ष लावलं तेव्हा गावात काय काय बोललं गेलं ते आठवलं. ताईने मात्र माझ्यासमोर दोन घोट घेतले. मी तेवढा वेळ डोंगराकडे बघत होतो.

दुपारी तिरानो. तिथे 1504 साली मेरी मातेने दर्शन दिलं म्हणतात, त्या जागेवर मोठं देऊळ आहे. आत लाकडी कोरीव कामाचा अवाढव्य ऑर्गन. आईने बाहेर चप्पल काढायला घेतली, ताईने थांबवलं. देवळाच्या पुढच्या चौकातून रेल्वे जाते, अगदी रस्त्यावरून, मोटारी थांबतात आणि लाल डबे वळसा घेऊन निघून जातात. बेर्निनाची ती गाडी, स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झपर्यंत. 1910 पासून चालू आहे आणि दातेरी रुळांशिवाय 2253 मीटरवर चढते. त्या घाटाने जुन्या काळी खेचरांवरून इथली वाईन पलीकडे जायची. 1512 ते 1797 हे खोरं तिकडच्या ग्राउब्युंडन प्रांताच्या लोकांच्या ताब्यात होतं. राज्य गेलं, पण गिऱ्हाईक टिकलं. तिकडे आजही ही वाईन घरची मानतात.

जेवायला पित्झोकेरी. कुट्टूच्या पिठाच्या काळपट पट्ट्या, बटाटा, कोबी, चीज आणि वरून लसूण घालून कडकडीत लोणी. जवळच्या तेल्यो गावची ही खासियत. चीज कशाने विरजतात ते विचारायचं नाही, असं ताईने आधीच बजावलं होतं. तुझ्या आईने अर्धी थाळी माझ्याकडे सरकवली. मला आवडली, पण संध्याकाळपर्यंत पोटात दगड.

आता मुद्द्याचं. रस्त्याकडच्या शिराझच्या प्लॉटमध्ये टेस्टिंग रूम काढायचा तुझा विचार मी ऐकून घेतला होता, हो-नाही काही बोललो नव्हतो. माझी ना नाही. पण तू दाखवलेल्या नकाशात पहिल्या चार ओळी काढून तिथे पार्किंग आहे आणि मागे गाण्याचं स्टेज. त्या बाईकडे गाडी लावायला धड जागा नव्हती, खालून चालत जावं लागलं, आणि तरीही आमच्या मागे जर्मन मंडळी थांबली होती. लोक पैसे देऊन पडलेली ताल बघत होते. आपल्याकडे दाखवायला ताल नाही, पण छाटणी आहे. काडी कुठे कापायची आणि डोळा कसा ओळखायचा, हे मुंबईच्या माणसाने कधी पाहिलंय? छाटणीच्या आठवड्यात दहा माणसं बोलाव, कात्री हातात दे, पिठलं-भाकरी घाल आणि त्याचे पैसे घे. बोलायला मी उभा राहतो. ओतायला दुसरं कोणीतरी ठेव.

आणि एक पाहिलं ते सांगतो. सगळ्याच ताली जिवंत नाहीत. वरच्या अंगाला कितीतरी पट्ट्यांत झाडोरा माजलाय, दगड मुळांनी उचकटलेत. मुलं मिलानला गेली, रचणारा कोणी उरला नाही. त्या बाईचा मुलगा मिलानला नोकरी करून परत आलेला. कशाला आलास, असं मी ताईकरवी विचारलं. तो म्हणाला, वरची ताल पडली की माती आमच्या पट्टीत येते, मग कोणाला तरी यावंच लागतं.

छाटणी झाली की काडीला डोळे फुटायची पेस्ट लावणाऱ्यांना हातमोजे घालायला लाव, नुसतं सांगून ते ऐकत नाहीत. पाऊस दिसला तर एक दिवस थांब. आईची गुडघ्याची गोळी इथे मिळाली, काळजी नसावी. सूनबाईला आणि लेकरांना आशीर्वाद. जेसीबीवाल्याला मात्र मी आल्याशिवाय बोलावू नकोस.

तुझे
नाना