अनेक ॲलर्जी म्हणजे नखरे नव्हेत

महोदय,

माझ्या मुलीला केळं खाल्लं की ओठांना खाज सुटायची. पुढे एकदा फुगा फुगवताना तिचे ओठ टरारून सुजले, तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. रबरी फुग्यातल्या लेटेक्समधली (रबराच्या झाडाच्या चिकातली) आणि केळ्यातली काही प्रथिने एकमेकांसारखी असतात. शरीराने एकाला शत्रू ठरवले की ते दुसऱ्यावरही तुटून पडू शकते. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असणाऱ्या काहींना कोळंबी सोसत नाही, तेही याच कारणाने. तोपर्यंत "हिला काहीच कसं चालत नाही?" हे ऐकून ऐकून पोर कानकोंडी झाली होती.

अशा अनेक ॲलर्जींच्या मुळाशी बहुधा आनुवंशिक कल असतो. अशा शरीरात एखाद्या निरुपद्रवी पदार्थाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात आणि तो पदार्थ पुन्हा आला की हिस्टामिन हे रसायन बाहेर पडते. मग शिंका, डोळे चुरचुरणे, अंगावर पित्त उठणे, पोटात मुरडा, छातीत घरघर. लहानपणी इसब आणि पुढे दमा, असेही पुष्कळ मुलांत दिसते.

एक मात्र कळकळीने सांगते. रक्ततपासणीत दहा नावे आली म्हणून दहाही पदार्थ ताटातून काढू नका. तपासणीत फक्त संवेदनशीलता कळते, म्हणजे त्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडे आहेत एवढेच. ॲलर्जी आहे की नाही, हे प्रत्यक्ष लक्षणांशी ताडून डॉक्टरच ठरवतात. नाहक पथ्याने वाढत्या मुलांचे पोषण तुटते. आणि घसा आवळला, श्वास लागला, भोवळ आली, तर खाजेच्या गोळीवर विसंबू नका. ॲड्रेनलिनचे इंजेक्शन मिळेल अशा रुग्णालयात तत्काळ पोहोचा.

– एक आई