सिलोन चहा म्हणजे नुसता नुवारा एलिया नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत श्रीलंकेच्या चहावर आपण पानभर लेख छापलात. नुवारा एलिया या थंड हवेच्या डोंगराळ गावाभोवतीचे धुक्यातले डोंगर, पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका, इंग्रजांच्या वेळचे बंगले, सगळे यथासांग होते आणि फोटोही देखणे होते. मी 2006 ते 2022 अशी सोळा वर्षे कोलंबोत चहा निर्यात करणाऱ्या एका कंपनीत टी टेस्टर होतो. दिवसाला दोन-तीनशे वाट्या चाखायच्या आणि थुंकायच्या, यावर माझा संसार चालला. त्यामुळे तो लेख वाचताना मी पुटपुटायला लागलो तेव्हा सौ. म्हणाली, "घरात कुरकुरण्यापेक्षा त्यांना लिहा." म्हणून हे पत्र.

इतिहासाबद्दल तक्रार नाही. 1867 मध्ये जेम्स टेलरने कँडीजवळच्या लूलकंदुरा मळ्यात 19 एकरांवर चहा लावला, दोनच वर्षांत कॉफीवर तांबेरा आला आणि पुढे कॉफीवाल्यांना चहाशिवाय वाट उरली नाही, हे ठीक. माझे भांडण एकाच विधानाशी आहे. मळा जितका उंच तितका चहा उत्तम आणि महाग, आणि त्या देशाची निर्यात या डोंगरांवर उभी आहे, असे आपल्या लेखकाने ठोकून दिले आहे. ते मळे पाहून आले असतील. लिलावाचे भाव मात्र त्यांनी पाहिलेले दिसत नाहीत.

श्रीलंकेत चहाची विभागणी उंचीवरून होते. 4000 फुटांच्या वरचा हाय ग्रोन, 2000 ते 4000 फुटांमधला मीडियम आणि 2000 फुटांच्या खालचा लो ग्रोन. एकूण उत्पादनातला साठ टक्क्यांच्या आसपास चहा या शेवटच्या गटातला असतो. तो पिकतो दक्षिणेला मातरा, देनियाय, अकुरेस्सा, क्रिकेटमुळे आपल्याला ठाऊक असलेले गॉल आणि वर रत्नपुरा, या दमट, उकाड्याच्या पट्ट्यात. तिथे धुके नाही, थंडी नाही, शर्ट पाठीला चिकटतो. आणि कोलंबोच्या लिलावात सरासरी भाव गेली कित्येक वर्षे या खालच्या चहालाच जास्त मिळतो आहे.

मलाही हे आधी ठाऊक नव्हते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी माझ्यापुढे दोन नमुने ठेवले. टेस्टिंग रूममध्ये उत्तरेकडच्या खिडकीखाली लांब टेबल असते. त्यावर एका ओळीत कोरडी पत्ती, झाकणाच्या पांढऱ्या भांड्यात भिजलेली पत्ती आणि पुढे वाटीत चहा. एका वाटीत फिकट सोनेरी, तोंडाला कोरडे पाडणारा नुवारा एलिया. दुसरीत देनियायचा, लालभडक आणि घशाला भरीव लागणारा. मी पहिल्याला भाव जास्त सांगितला. साहेब म्हणाले, "वाटी नंतर. आधी पत्ती बघ." देनियायची पत्ती तारेसारखी पिळलेली, काळीभोर, एकसारखी होती, काडी-कचऱ्याचे नाव नाही. साहेबांनी ती तळहातावर घेतली आणि म्हणाले, "बगदादचा दुकानदार ही पोत्यातून मुठीत घेतो, नाकाशी नेतो आणि मग भाव विचारतो. तुझी वाटी तो घरी गेल्यावर पिणार."

त्या एका वाक्यात श्रीलंकेचा धंदा आहे. इराक, इराण, तुर्कस्तान, रशिया, लिबिया, अमिराती ही तिथली मोठी गिऱ्हाइके. इराकात चहा लहानशा काचेच्या पेल्यात, इस्तिकानमध्ये, भरपूर साखर घालून आणि दुधावाचून पितात. काचेतून रंग दिसतो, म्हणून रंग गडद हवा आणि पत्ती देखणी हवी. एके काळी इंग्लंड हा मोठा ग्राहक होता, पण टी बॅगच्या जमान्यात तो केनियाच्या स्वस्त सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरून-फाडून दाणेदार केलेल्या चहाकडे वळला. श्रीलंकेने मात्र रोलरवर पिळून करायची जुनी ऑर्थोडॉक्स पद्धत सोडली नाही. आजही तिथला नव्वद टक्क्यांहून अधिक चहा तसाच होतो.

जाता जाता, लेखात 'काळा चहा म्हणजे दूध न घातलेला' असे चौकटीत छापले आहे. तो कोरा चहा. काळा चहा कारखान्यातच काळा होतो. पान रात्रभर वाऱ्यावर सुकवतात, मग पिळतात, पिळल्यावर त्याचा रस हवेशी भिडतो आणि पान तांबूस होते, शेवटी भट्टीच्या गरम हवेत ते वाळून काळे पडते. पिळून चाळलेल्या बारीक ओल्या पानाला तिथल्या कारखान्यात 'धूल' म्हणतात, इंग्रजी कागदांतसुद्धा. पहिल्या दिवशी सुपरवायझर "धूल बघा, धूल बघा" म्हणाला तेव्हा मी जमीन बघत होतो.

आता हा चहा पिकवतो कोण? लेखात फक्त मोठे मळे आहेत. प्रत्यक्षात सत्तर टक्क्यांहून अधिक चहा छोट्या शेतकऱ्यांचा. ते चार लाखांवर आहेत आणि बहुतेकांची जमीन एकराच्या आत-बाहेर. देनियायजवळचे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. मी त्यांना अय्या म्हणायचो. सिंहलीत अय्या म्हणजे थोरला भाऊ, मी साठीच्या माणसाला "अय्या!" अशी हाक मारतो हे ऐकून सौ.ला हसू आवरेना. अय्यांचा पाऊण एकर घराच्या मागे उतारावर होता, बांधाला दालचिनी आणि सुपारी. सकाळी नवरा-बायको दोघे खुडायला उतरत. दुपारी रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये वजन, मग कारखान्याचा ट्रक. वजन करणारा पोत्यात कोपरापर्यंत हात घाली, तळातले पान वर काढी आणि दोन पाने-एक कळी सोडून जून पान किती आले ते बघे. वर ओल्या पानाचे पाणी म्हणून काही किलो कापी. या कापण्यावरून रोज कुरबुर व्हायची.

पैसे पुढच्या महिन्यात. कारखान्याला लिलावात जो भाव येतो त्यातले 68 टक्के पान देणाऱ्याचे आणि 32 कारखान्याचे, असे तिथले सूत्र आहे. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात मातऱ्यापलीकडे फारसा प्रवास केला नव्हता ते अय्या मला फोनवर विचारायचे, "इराकवाले या आठवड्यात घेतायत ना?" मंगळवार-बुधवारचा लिलाव, त्यांचा बुधवारी रात्री फोन ठरलेला. 1883 पासून कोलंबोत हा लिलाव हातोड्यावर चालला. एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे तो संगणकावर गेला तेव्हा आमचे जुने दलाल बावचळले. अय्यांचा फोन मात्र त्या बुधवारीही आला.

मोठ्या मळ्यांचा फटका वेगळा असतो आणि या माणसाचा वेगळा, हे 2021 मध्ये दिसले. आपल्या लेखात त्याला अर्धी ओळ मिळाली आहे. मे महिन्यात सरकारने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. चहाचे झुडूप काही त्याच आठवड्यात मरत नाही. अय्यांच्याकडे ऑक्टोबरात गेलो तर झुडपे हिरवी होती, पण नवे फुटवे आखूड आणि पान पिवळसर. आठवड्याला खुडायचे तिथे दहा-बारा दिवस थांबायचे. नोव्हेंबरात बंदी उठली, तोवर खताचे भाव कैक पटींनी चढले होते. मार्च 2022 मध्ये श्रीलंकेचा रुपया कोसळला, लिलावात रुपयांतला भाव उसळला आणि अय्यांच्या हातात कधी नव्हे तो भाव आला, पण विकायला पानच नव्हते. दिवसाला तेरा-तेरा तास वीज जायची. सुकवायचे पंखे बंद पडले की कारखान्यात आलेले पान तापून खराब होई. त्या वर्षी उत्पादन सुमारे 30 कोटी किलोंवरून 25 कोटींवर आले, पाव शतकातला नीचांक.

डोंगरावरच्या चहाला मी नावे ठेवत नाही. जुलै-ऑगस्टात उवा भागात कोरडा वारा सुटतो तेव्हा तिथल्या पानाला दुखऱ्या गुडघ्यावर चोळायच्या मलमासारखा गार वास येतो. जपानी खरेदीदार त्यासाठी जीव टाकतात आणि मीही तो चहा थुंकायचे विसरायचो. आणि त्या मळ्यांवरच्या तमिळ बायकांबद्दल लेखात 'कष्टाळू' एवढाच शब्द आहे, तो फार कमी झाला. 2024 मध्ये त्यांची मूळ रोजंदारी 1350 श्रीलंकन रुपये झाली, म्हणजे साडेचार डॉलरांच्या आसपास. आणि ठरलेले वजन भरले नाही तर वहीत 'अर्धे नाव' लागते आणि रोजही अर्धा. माझ्या डोळ्यांदेखत एका बाईचा काटा सोळा किलोंवर थांबला. तिने टोपली उलटी करून झटकली, चिकटलेली चार पाने पडली. काटा हलला नाही.

आपल्या फोटोखाली 'श्रीलंकेची चहा-राजधानी' असे लिहिले आहे. पुन्हा विषय घेतलात तर वार्ताहराला कोलंबोहून डोंगराच्या गाडीत न बसवता मातऱ्याच्या गाडीत बसवा आणि पुढे बसने देनियायला पाठवा. दुपारी दोननंतर ट्रक यायला लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये बसायला बाक आहे, साखरेऐवजी गुळाचा खडा देऊन कोरा चहा मिळतो.

आपला,
एक निवृत्त टी टेस्टर
(नाव छापू नये, ही विनंती.)